एकाची खाट

मुलीसाठी खाट करायची ठरली तेव्हा सुतारानं पहिला प्रश्न विचारला, "किती जणांची?"

मी म्हणालो, "सहा वर्षांच्या मुलीसाठी करायचीय. किती जणांची म्हणजे काय? एकाची."

"तसं न्हाय साहेब," तो म्हणाला, "माणसं सांगत्यात लेकराची म्हणून, आन् मग त्याच्यावर आजा झोपतो. पाय लोंबकळले की मला बोल लावत्यात. म्हणून आधी इचारलं."

माप घ्यायला त्याच्याजवळ सुतळी होती. एक टोक त्यानं भिंतीशी धरलं आणि दुसरं आक्काच्या हातात दिलं. आक्का थोडी मागं सरकली आणि म्हणाली, "अजून दोन इती सोडा. पोरगी वाढंल की." सुतारानं दोन वीत जास्त धरून गाठ मारली. लांबी आक्कानं वाढवून दिली, रुंदी मात्र मी सांगितली तेवढीच राहिली. त्या वेळी आम्ही तिघंही हसत होतो, एवढं मला पक्कं आठवतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी ती परत आली. नवऱ्यानं दुसरी केली होती. पुढं लवकरच वडील गेले. माकणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथली कोरडवाहू जमीन, आई आणि मी, एवढ्याला आक्का पुरून उरली. बहात्तरच्या दुष्काळात मी धाराशिवला बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. गावातली माझ्या वयाची सगळी मुलं दुष्काळी कामावर गेली. मीही कॉलेज सोडून निघालो होतो. आक्कानं मला फाट्यावरूनच परत बसमध्ये बसवलं. "खडी फोडायला मी हाय," म्हणाली. ती वर्षभर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. कामावर खायला मिळणारी सुकडी ती अर्धीच खायची आणि उरलेली फडक्यात बांधून, गावाकडून येणाऱ्याच्या हाती बोर्डिंगात पाठवायची. त्या सुकडीत कधीकधी खडीचा चुरा लागायचा. मी तो थुंकून टाकायचो आणि पुढं वाचत बसायचो.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पदवी मिळाली, सहकार खात्यात कारकुनाची नोकरी मिळाली, लग्न झालं. आई गेली तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. गावाकडच्या दोन खणांच्या घराला कुलूप लावून मी आक्काला धाराशिवला घेऊन आलो. त्या वर्षांत गावोगाव सोसायट्या निघत होत्या, दुधाच्या, तेलबियांच्या, घरांच्या. आमच्या खात्यातल्या लोकांनीही घरांची सोसायटी काढली आणि गावाबाहेरच्या माळावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. पुढची, मधली आणि मागची. मागच्या खोलीत ज्वारीची पोती, आक्काची पत्र्याची पेटी आणि भिंतीला टेकवलेल्या वाकळी असत. मुलगी आक्काजवळच झोपायची. उन्हाळ्यात त्या दोघी अंगणात, पावसाळ्यात मधल्या खोलीत आणि थंडीत मागं पोत्यांच्या आडोशाला. आमची अंथरुणं सकाळी गुंडाळली की कोण कुठं झोपलं होतं याचा मागमूस उरत नसे. मी लहानपणापासून असाच झोपत आलो होतो आणि त्यात काही उणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते वाटलं आमच्या साहेबांच्या घरी. साहेब पुण्याकडचे, स्वभावानं फार चांगले. एकदा सही घ्यायला फाइल घेऊन मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. ते आंघोळीला गेले होते, म्हणून बाईंनी मला आत बसवलं. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक लहान खाट, तिच्यावर निळी चादर, खिडकीला पडदा, भिंतीवर प्राण्यांचं चित्र, कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर रंगीत पेन्सिलींचा डबा. त्यांचा मुलगा पालथा पडून चित्र काढत होता. मी दारातून बघतोय हे पाहून त्यानं उठून सरळ दार लावून घेतलं. सात-आठ वर्षांचं पोर, पण दार लावायचा हक्क आहे हे त्याला माहीत होतं. मला राग आला नाही. उलट लाज वाटली. आपण शिकलो, नोकरीला लागलो आणि आपली पोर अजून पोत्यांच्या आडोशाला झोपते.

बाई चहा देताना म्हणाल्या, "मुलांना लहानपणापासून एकटं झोपायची सवय लावावी. मुलं धीट होतात." मी ते वाक्य शासकीय परिपत्रक घ्यावं तसं घेऊन घरी आलो. शिकलेल्या माणसांनी सांगितलेलं मी कधी तपासून पाहिलं नाही. त्यांच्याच आधारानं मी इथवर आलो होतो.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "मागची खोली मुलीला करायची."

ती ज्वारी निवडत होती. "आणि वन्संची पेटी?"

"मधल्या खोलीत ठेवू."

"त्यांना विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? पोरीची खोली होतीय म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद तिलाच होईल."

आणि झालंही तसंच. खोलीसाठी सगळ्यांत जास्त आक्काच राबली. पोती तिनं स्वतः ओढत पुढच्या खोलीत आणली. पेटी मधल्या खोलीत दाराच्या मागं सरकवली. भिंतींचे पोपडे खरवडले. मला साहेबांच्या घरासारखा तेलरंग हवा होता, पण बाजारात मिळाला तो हिरवा, दवाखान्यासारखा. मग आक्का म्हणाली, "चुन्यात नीळ टाकू, आभाळागत हुतंय." तिनं दोन दिवस हातात कुंचा धरून भिंती रंगवल्या. चुन्यानं तिची बोटं उलली. रात्री ती बोटांना खोबरेल लावून बसायची आणि मुलगी तिच्या बोटांवर फुंकर घालायची.

गादी भरायला पिंजारी आला. अंगणात बसून त्यानं धनुकली वाजवत कापूस पिंजला. खोळीचं माप बघून म्हणाला, "एवढीशीच?"

बायको म्हणाली, "मुलीसाठी आहे, चाचा."

"एकट्या पोरीची गादी? माशाल्ला. आमच्यात ह्या गादीवर चौघं निजतील आणि पाचवा भांडंल."

आक्का कापसाची फुलं गोळा करत होती. म्हणाली, "मग दाबून भरा चाचा. पाचव्याची बी जागा पोरीलाच."

पडद्याचं कापड मी कळंबहून आणलं. तिथं एका सोसायटीच्या तपासणीला गेलो होतो. पिवळ्यावर लाल पक्षी. बायकोनं शेजारणीच्या मशीनवर तो शिवला आणि खिडकीला सुतळीवर ओवला. मुळाक्षरांचा तक्ता, महाराष्ट्राचा नकाशा, एक छोटं टेबल आणि टेबलावर डब्याऐवजी पेन्सिली ठेवायला बिस्किटांचा रिकामा पुडा. खाट आली तेव्हा दारातून आत जाईना. सुतारानं एक पाय काढून ती आडवी करून घातली आणि आत पाय पुन्हा ठोकला. म्हणाला, "आता ही बाहेर निघायची न्हाय साहेब. पोरीच्या लग्नात हितंच ठिवून जावं लागंल."

मुलीनं खाटेवर चढून उड्या मारल्या. नंतर ती उतरली आणि आक्काचा हात धरून म्हणाली, "आत्या, तू भिंतीकडं झोप, मी कडेला."

आक्का हसली. "मी मावते व्हय त्याच्यावर?" आणि तिनं आपली वाकळ खाटेजवळ खाली अंथरली.

आठवडाभर तसंच चाललं. मुलगी खाटेवर, आक्का खाली. मी सकाळी बघायला जायचो तर खाट रिकामी आणि मुलगी खाली आक्काच्या पोटाशी. नवी गादी फुगलेलीच. मला ते खटकायला लागलं. एवढं सगळं करून मुलगी पुन्हा जमिनीवरच झोपणार असेल तर उपयोग काय, असं वाटायचं. एके दिवशी संध्याकाळी आक्का भाकरी करत होती तेव्हा मी तिला म्हणालो, "आक्का, तू आजपासून मधल्या खोलीत झोपत जा. तिला एकटीची सवय लागू दे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं."

तेवढंच. मी पुढं दोन-तीन वाक्यं बोललो, धीटपणा वगैरे. ती मान हलवत होती. मुलगी तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी रडत रडत झोपली आणि मग तिला सवय झाली. मी ऑफिसात सांगितलं, साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, "शाबास." त्या शाबासकीचा मला किती आनंद झाला होता हे आज लिहिताना लाज वाटते.

खोली बघायला लोक यायचे. आमच्या सोसायटीत लहान मुलाला वेगळी खोली हा प्रकार पहिलाच होता. मी दार उघडून दाखवायचो, पडदा सरकवून उजेड करायचो, गादी दाबून दाखवायचो. एकदा खात्यातले एक गृहस्थ सपत्नीक आले होते. त्यांची बायको सगळं न्याहाळून, पुढच्या खोलीत येऊन बसल्यावर म्हणाली, "छान केलीय हो. आणि तुमच्या ताई कुठं झोपतात?"

मी म्हणालो, "तिचं काय, ती कुठंही झोपते."

हे मी तुच्छतेनं म्हणालो नाही. आमच्याकडं माणसं कुठंही झोपतात, त्याचं काही विशेष नाही, अशा अर्थानं म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. आक्का पलीकडं मधल्या खोलीत पाहुण्यांसाठी सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मधे दार नव्हतं, नुसती चौकट होती. ऐकू न जाण्यासारखं काहीच नव्हतं.

पाहुणे गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "असं बोलायला नको होतं." मी म्हणालो, "आक्काला असलं काही लागत नाही." मी ते मनापासून म्हणालो. तिला काय लागतं याचा विचार करायची वेळ तिनं माझ्यावर कधी आणलीच नव्हती.

श्रावण लागला. आक्का म्हणाली, "पंचमीला गावाकडं जाऊन येते म्हणते. घर लई दिवस बंद हाय. पडवीवरचे पत्रे बी बघायचेत." सहा वर्षांत ती पंचमीला गावाला गेली नव्हती. मी म्हणालो, "जाऊन ये की." स्टँडवर जाऊन तिला माकणीच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं. मुलीनं विचारलं, "आत्या, परत कधी येणार?" ती म्हणाली, "न्यायला आलात की येते." सगळेच असं बोलतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पंचमी झाली, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. आक्का आली नाही. बायको म्हणाली, "जाऊन घेऊन या त्यांना."

मी म्हणालो, "ती काय पाहुणी आहे का? तिचं घर आहे हे. फाट्यावर एसटी थांबते, येईल की मनाला वाटेल तेव्हा."

आमच्याकडं पंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक आपणहून माहेरची वाट धरत नाही. कितीही जवळ असलं तरी धरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आक्का सासरी होती तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तिला आणायला वडील जायचे. नंतर ती कायमची आली. त्यामुळं बहिणीला आणायला जाण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. आणि माझा समज असा, की तिला आणायला जाणं म्हणजे ती आपल्या घरची नाही असं कबूल करणं. म्हणून मी गेलो नाही. आपलेपणानं गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. एक पोस्टकार्ड टाकलं. 'सर्व कुशल. मुलगी आठवण काढते. सवडीनं निघून यावे.' तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तिला ते वाचून दाखवलं असणार. निघून यावे, हे शब्द तिनं कुणाच्या तोंडून, कुणादेखत ऐकले असतील, याचा विचार मी केला नाही.

घटस्थापनेच्या सुमारास आमचा चुलतभाऊ कोर्टाच्या कामाला धाराशिवला आला. दुपारी जेवायला घरी आला. मी आक्काची चौकशी केली. तो भाकरी मोडत म्हणाला, "बरी हाय. माकणीच्या धरणाच्या कामावर जाती आता."

"धरणाच्या कामावर? कशाला?"

"कशाला म्हंजे? माती वाहायला. दुसरं काय असतंय तिथं?"

बायको हातातली पळी धरून तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "तिला इथं काय कमी होतं?"

चुलतभाऊ खाता खाता थांबला. "ते मला काय ठावं. पर पंचमीच्या आधीपास्नं गणपती उठंस्तवर ती रोज संध्याकाळच्या गाडीला फाट्यावर येऊन बसायची. म्या इचारलं, कुणाची वाट बघतीस आक्का? तर म्हणायची, कुणाची न्हाय, उगंच बसले. गाडी गेली की उठून घराकडं. मग तुझं कारड आलं. माझ्याच पोरानं वाचलं. त्या दिसापासून फाट्यावर आली न्हाय."

तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमी शिकलेली माणसं बाबा. बसल्या जागी चिठ्ठी लिवता येती. मुराळी म्हणून यायला काय बीए लागतंय व्हय?" आणि तो हसला. तो चिडवत होता, दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. बायकोनं त्याला आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेलो. घर आक्कानं सारवून लख्ख केलं होतं. पडवीत नवी चूल घातली होती. ती कामावरून आली तेव्हा तिच्या पदरावर, पापण्यांवर धरणाची तांबडी माती होती. मला बघून ती थबकली आणि म्हणाली, "आरं, कळवायचं न्हाय का? दूध तरी ठिवलं असतं." कोरा चहा केला. मुलीचं विचारलं, तिचा खोकला, तिची शाळा. मी तिला म्हणालो, "चल, तुला न्यायला आलोय." ती चुलीतला जाळ मागं ओढत राहिली.

मी चुकलो, असं मी म्हणालो. त्या पाहुण्या बाईंना जे बोललो ते चुकलं. तिनं मला पुरं बोलू दिलं नाही.

"चुकलं काय त्यात? खरंच हाय. मी कुठं बी झोपते. सासरी वट्यावर झोपले, हितं आईपाशी झोपले, रस्त्याच्या कामावर पालात झोपले. तुझ्याकडं पोरीपाशी झोपले. ते बरं हुतं." मग म्हणाली, "दिवाळीला येते. चार दिस."

"चारच दिवस का?"

"लेकी चार दिसच येत्यात की माहेरी."

"ते तुझं घर आहे, आक्का."

"हुतं," ती म्हणाली. रागानं नाही. "आता माहेर हाय. माहेर बी लागतंच बाईला. मला कुठं हुतं एवढे दिवस?" आणि ती खरंच थोडी हसली, मला बरं वाटावं म्हणून.

मी पुष्कळ बोललो. खाट काढून टाकतो म्हणालो, खोली पहिल्यासारखी करतो म्हणालो. ती म्हणाली, "पोरीचं मोडू नको. तिला आवडतीय ती खोली." ते खरं होतं. मुलीला तोपर्यंत खोली मनापासून आवडायला लागली होती. दार लावून ती आत चित्रं काढायची. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते परत करता येण्यासारखं नव्हतं.

दिवाळीत मी तिला आणायला गेलो. या वेळी आधी कळवून, रीतसर. ती नवं लुगडं नेसून तयार होती. मुलीसाठी करंज्या, बायकोसाठी खण आणि माझ्यासाठी शेंगांच्या पोळ्या घेतल्या होत्या, माहेरी निघालेली बाई घेते तसं. घरी आलो. बायकोनं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगी तिच्या कमरेला बिलगली. सगळं आनंदात चाललं होतं. आक्का उंबऱ्याच्या आत आली, हातात पिशवी घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "ही कुठं ठिवू?"

ज्या घरात ती इतकी वर्षं राहिली, जिथलं प्रत्येक मडकं तिनं मांडलं होतं, तिथं तिनं मला हे विचारलं. बायको माझ्याकडं बघत होती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, मागच्या खोलीत नेली आणि मुलीच्या खाटेवर ठेवली.

आक्का माझ्या मागोमाग आत आली. तिनं पिशवी उचलली, गादीवर जिथं ती टेकली होती तिथली चादर हातानं झटकली आणि म्हणाली, "गाडीतली धूळ हाय तिला. पोरीचं अंथरूण मळंल." मग ती पिशवी तिनं पुढच्या खोलीत, दाराशी, आमच्या चपला असतात तिथं भिंतीला लावून ठेवली. चार दिवस ती तिथंच होती.